वायरलेस मेटल डिटेक्टर बिघडला: घरी उघडायचा की सर्व्हिसला द्यायचा?

पत्र असं आहे: "मी अलिबागला राहतो. भावाने जर्मनीहून मेटल डिटेक्टर आणून दिला, कॉइल, रिमोट, हेडफोन सगळं वायरलेस. वरसोली, नागाव, किहीमला पर्यटकांच्या अंगठ्या-चेन वाळूत हरवतात त्या शोधून देतो, लोक खुशीने काहीतरी देतात. आता कॉइलची बॅटरी दीड तासात बसते, आधी दिवस जायचा. गुडघाभर पाण्यात गेलो की रिमोटवर कनेक्शन जातं. काही जागी उगाच टिकटिक करत राहतो, आणि हेडफोनची उजवी बाजू बंद पडलीय. इथला मोबाइल रिपेअरवाला म्हणतो कॉइल कापून सेल बदलतो, दीड हजार घेईन. भाऊ म्हणतो हात लावू नको, कंपनीला पाठव. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, सोल्डरिंग येतं. ओहोटीला किल्ल्याच्या बाजूला नेऊन टेस्ट करतो, तिथे गर्दी नसते. काय करू?"

नमस्कार दादा,

पहिलं काम म्हणजे त्या मोबाइलवाल्याला थांबवा. कॉइल, म्हणजे दांड्याच्या खालची ती थाळी, कापायची नाही, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या पत्रात चार तक्रारी आहेत आणि चारही एकाच गाठोड्यात बांधून "मशीन बिघडलं" असं तुम्ही म्हणताय, तिथेच घोळ आहे, कारण माझ्या मते त्यातली एक बिघाडच नाहीये आणि दुसरी बहुतेक वाळूची करामत आहे.

पाण्याचं आधी घेऊ. तुमच्या मशीनमध्ये कॉइलपासून रिमोटपर्यंत (वर हाताशी असलेला स्क्रीनचा डबा) वायर नाही, म्हणजे कॉइल जे काही ऐकते ते रेडिओवरून वर पाठवते. फ्रान्सच्या एक्सपी कंपनीचं डिअस नावाचं वायरलेस डिटेक्टर आलं तेव्हापासून ही पद्धत लोकांना माहीत झाली, आणि अशा मशीनमधला रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, तुमच्या घरातल्या वायफायचाच पट्टा. ही लहर हवेत मस्त जाते पण पाण्यात जात नाही, त्यातून खाऱ्या पाण्यात तर काही सेंटीमीटरमध्ये मरते. तेव्हा कॉइल वॉटरप्रूफ असली तरी ती पाण्याखाली गेली की रिमोटशी बोलणं तुटणारच, त्यात कोणाचा दोष नाही. यावर उपाय म्हणजे अँटेनाची एक वायर मिळते, तिचं एक टोक कॉइलपाशी क्लिपने बसवायचं, वायर दांड्यावरून वर आणायची आणि दुसरं टोक रिमोटपाशी ठेवायचं, म्हणजे सिग्नल पाण्यातून न जाता वायरीतून वर येतो. तुमच्या मॉडेलचं पाण्याचं किट असतं का ते भावाला विचारा. आणि रिमोट वॉटरप्रूफ आहे असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल तर गुडघ्याच्या वर जाऊच नका, लाट कधी कंबरेला येईल सांगता येत नाही. ही तक्रार घेऊन तुम्ही मशीन जर्मनीला पाठवलं असतं तर "नो फॉल्ट फाउंड" अशी चिठ्ठी आणि कुरिअरचं बिल एवढंच परत आलं असतं.

आता टिकटिक. कॉइलच्या खाली प्लास्टिकचं कव्हर असतं, घासू नये म्हणून, ते शेवटचं कधी काढलं होतं? माझी खात्री आहे की काढलेलंच नाही. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत काळी, जड, चुंबकाला चिकटणारी वाळू मिसळलेली असते (रत्नागिरीकडे तर इल्मेनाइटचे, म्हणजे अशाच काळ्या खनिजाचे, साठेच आहेत), ती बारीक वाळू कव्हर आणि कॉइलच्या मधे शिरते आणि तिथे थर करून बसते. मग तुम्ही कुठेही गेलात तरी मशीनच्या पोटाशी काळ्या वाळूची थाळी बांधलेली, ते बोलणार नाही तर काय करणार. कव्हर काढा, साध्या पाण्याने दोन्ही धुवा, कोरडं करा, कॉइलच्या तळावर एक साधा चुंबक फिरवून बघा काळी पूड चिकटते का. एवढ्यावर निम्मी टिकटिक गेली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

राहिलेल्या निम्म्यासाठी कॉइलचा बोल्ट बघा. कंपनीचा बोल्ट आणि नट प्लास्टिकचा असतो, तो हरवला की लोक हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलचा आणून ठोकतात आणि मग मशीन वेडं झालं म्हणतात! तो ठीक असेल तर कॉइलला केसाएवढी चीर गेलीय का ते उन्हात तिरकं धरून बघा, विशेषतः जिथे दांडा जोडला जातो त्या दोन कानांपाशी. चीर असेल तर खारं पाणी आत जातं आणि गवताला टेकलं तरी बीप येतो. कॉइल हवेत धरून बोटाने हलकेच टकटक करा, आवाज नाही आला पाहिजे. चीर वरवरची असेल तर कॉइल दोनतीन दिवस पूर्ण सुकू द्या आणि साध्या दोन ट्यूबवाल्या अरल्डाइटने भरा, फक्त ते लोखंडाची भुकटी घातलेलं स्टील इपॉक्सी नको.

एवढं करून ओल्या वाळूतच टिकटिक राहिली आणि कोरड्या वाळूत गप्प असेल, तर ती सेटिंगची बाब आहे. खारं पाणी वीज वाहतं, त्यामुळे मशीनला ते धातूसारखं दिसतं, आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारी मशीन लाटेच्या पट्ट्यात कुरकुरतातच. बीचचा प्रोग्राम लावा, सेन्सिटिव्हिटी खाली आणा, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला जमिनीची ओळख करून देणं, त्याच ओल्या वाळूवर करा, कोरड्यावर करून ओल्यात जाऊ नका. आणि टेस्ट घ्यायला रुपयाचं, दोन रुपयाचं नाणं वापरू नका, ते चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचं आहे, मशीन त्याला लोखंड समजून सोडून देतं आणि तुम्हाला वाटतं मशीन मेलं. घरातली सोन्याची अंगठी घ्या, वहिनी देत नसतील तर पितळेची घ्या, प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवा आणि वरून कॉइल फिरवा. हे घरात करत असाल तर वायफाय, इंडक्शन, एलईडीचे दिवे बंद करा, त्यांच्यामुळेही टिकटिक होते.

आता बॅटरी, ही खरी गोष्ट.

वायरलेस कॉइलमध्ये नुसती तांब्याची वेटोळी नसतात. सिग्नल पाठवणारं वेटोळं, ऐकणारं वेटोळं, त्यांच्या जोडीला सर्किट बोर्ड आणि लिथियम सेल, एवढं सगळं त्या पातळ थाळीत असतं आणि वरून इपॉक्सी ओतून बंद केलेलं. तुमच्या सेलला काय झालं असेल याचा माझा अंदाज सांगतो. पावसाळ्यात समुद्रावर कोणी फिरकत नाही, जूनपासून मशीन कपाटात जातं, शेवटच्या दिवशी बॅटरी संपली म्हणून ठेवलं ते दिवाळीला पर्यटक आल्यावर बाहेर काढलं. असंच ना? लिथियम सेल भरला की ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७, आणि ३ च्या खाली गेला की त्याचे हाल सुरू होतात. रिकामा सेल चार महिने पडून आणखी आणखी खाली उतरत जातो आणि मग त्याची धारणाच जाते. तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, पण आपण सगळे घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाणी घालतो आणि या छोट्या सेलकडे बघत नाही.

पण थांबा, सेलच गेलाय हे अजून सिद्ध झालेलं नाही. कॉइल चार्ज करायला क्लिप असते किंवा उघडे पिन असतात, समुद्रावर वापरलेल्या मशीनच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी येतेच. कॉन्टॅक्ट अर्धवट असला की चार्जिंग मधेच सुटतं, कधी दिवा लागतो कधी नाही, रात्रभर लावलं म्हणून तुम्ही निर्धास्त आणि आत गेलंय वीस टक्के. पिन आधी साध्या खोडरबरने घासा, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या कापसाने पुसा, क्लिपच्या आतले पिनसुद्धा, त्यांच्यातली स्प्रिंग दबून बसलीय का तेही बघा. मग एक छोटा यूएसबी टेस्टर आणा, तो चार्जर आणि केबलच्या मधे लावायचा असतो, किती करंट जातोय आणि एकूण किती एमएएच (सेलमध्ये किती चार्ज गेला त्याचं माप) गेले ते दाखवतो. कॉइल पूर्ण उतरवा, टेस्टर लावून पूर्ण भरा, आणि आकडा मॅन्युअलमधल्या क्षमतेशी ताडून बघा. करंट मधूनमधून शून्य होत असेल तर कॉन्टॅक्टचा रोग. करंट सलग गेला, कॉइलने स्वतःहून "भरलं" म्हटलं, आणि तरी आकडा क्षमतेच्या पाव हिस्साच असेल, तर सेल गेला, शंका नको. हे करताना कॉइल कुठे फुगलेली किंवा चार्जिंगला गरम लागली तर तिथेच काम थांबवायचं, गॅलरीत फरशीवर ठेवायची आणि पुन्हा चार्जिंगला लावायची नाही.

सेल गेलाच असं ठरलं तर मग मॅन्युअल उघडून बघा की तुमच्या मॉडेलला बॅटरीचं स्क्रूचं झाकण आहे का. काही कॉइलना असतं. असेल तर कंपनीचा सेल मागवून तुम्ही स्वतः दहा मिनिटांत बदलाल, सर्व्हिसला द्यायची काही गरज नाही. झाकण नसेल, सगळं इपॉक्सीत बंद असेल, तर मात्र हात आवरा.

का ते सांगतो, कारण मोबाइलवाला हे सांगणार नाही, त्याला माहीतच नसणार. कॉइलमधली दोन वेटोळी अशी एकमेकांवर सरकवून बसवलेली असतात की पाठवणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्याला जवळजवळ शून्य यावा, तेव्हाच नाण्याएवढ्या धातूची कुजबुज त्याला ऐकू येते. हा तोल मिलिमीटरमध्ये असतो आणि तो हलू नये म्हणूनच इपॉक्सी ओततात. माझ्या टेबलावर एक अशीच कापलेली कॉइल आली होती, ड्रेमेलने (छोट्या हातग्राइंडरने) वरून चौकोन पाडलेला, पिवळट इपॉक्सीचे खडे काढून आत मोबाइलचा सेल कोंबलेला, वरून पारदर्शक सिलिकॉन. चार्ज मस्त धरायची. फक्त चौकोनाच्या कडेला केसासारख्या बारीक तारा तुटून वर आल्या होत्या आणि आतल्या बाजूचा काळा ग्राफाइटचा थर, जो शिल्डिंगचं काम करतो, खरवडून गेला होता. अंगठी कॉइलला टेकवली तरच बोलायची, वीतभर वर धरली की गप्प. दुरुस्त करणारा म्हणत होता, बॅटरी तर चालतेय ना!

म्हणून क्रम असा ठेवा की आधी भावाकडून बिल मागवा. पत्रात तुम्ही मशीन किती जुनं ते लिहिलंच नाहीये, आणि सगळं त्यावर आहे. जर्मनीत दुकानातून नवीन घेतलं असेल तर विकणाऱ्या दुकानदारावर कायद्याने २ वर्षांची जबाबदारी असते, कंपनीची वॉरंटी असेल ती त्याच्या वर वेगळी. त्यामुळे भावाने कंपनीच्या मागे लागण्याआधी दुकानदाराला मेल टाकावा, तिथल्या भाषेत, बिलाचा फोटो जोडून. एक खोच आहे, वॉरंटीच्या कागदात बॅटरीची मुदत बहुतेक वेळा मशीनपेक्षा कमी असते आणि "वापराने झिजली" म्हणून हात झटकायलाही जागा असते. तेव्हा मेलमध्ये "बॅटरी कमी टिकते" एवढंच लिहू नका. यूएसबी टेस्टरचा आकडा, कॉइल-रिमोट-हेडफोन तिन्हींचं सॉफ्टवेअर व्हर्जन, सिरियल नंबरचे फोटो, पिन साफ करून बघितले हे सगळं लिहा. सर्व्हिसवाला माणूसच असतो, समोरच्याने निम्मं काम करून पाठवलंय हे दिसलं की तोही नीट उत्तर देतो. बाय द वे, तिन्हींचं व्हर्जन एकच नसेल तरी कनेक्शनचे चाळे होतात, तर अपडेट करून घ्या, पण पिन साफ झाल्यावर आणि सगळं फुल चार्ज असताना, अपडेट अर्ध्यात बॅटरी गेली तर नवीन दुखणं.

मेलमध्ये तीन गोष्टी थेट विचारा: नुसता सेल बदलून देता की पूर्ण कॉइलच बदलता, एकूण खर्च किती, आणि नुसती कॉइल पाठवली तर चालेल का. उत्तर आल्याशिवाय काहीही पाठवू नका.

पाठवायचं ठरलं तर कुरिअरपेक्षा भाऊ सुट्टीला येईल तेव्हा त्याच्याबरोबर द्या. लिथियम बॅटरीचं पार्सल परदेशी पाठवणं म्हणजे डिक्लेरेशन, पॅकिंग, लेबल, त्यातून कोण घेईल कोण नाही, डोक्याला ताप. विमानात केबिन बॅगेत न्यायला हरकत नसते, एवढा छोटा सेल १०० वॉट-तासाच्या कितीतरी खाली असतो, सुटे सेल मात्र चेक-इनच्या बॅगेत टाकायचे नाहीत. सिक्युरिटीवाला थाळी बघून विचारणार हे गृहीत धरा, बिल आणि मॅन्युअल हाताशी ठेवायला सांगा. आणि निघताना मुंबई एअरपोर्टवर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यायला लावा, सिरियल नंबरसकट, म्हणजे परत आणताना "नवीन आणलं का" हा प्रश्न मिटतो. कुरिअरनेच पाठवायची वेळ आली तर कागदावर "दुरुस्तीसाठी पाठवत आहे, परत येणार" हे सिरियल नंबरसकट नोंदवूनच पाठवा, नाहीतर येताना अख्ख्या किमतीवर ड्युटी लागते आणि मग दुरुस्ती स्वस्त पडली असं म्हणता येत नाही.

समजा उत्तर आलं की वॉरंटी संपली, सेल बदलून मिळत नाही, नवीन कॉइलच घ्या. मग नवीन कॉइल घ्या, धंदा म्हणा छंद म्हणा, तुमचं काम त्यावर चालतं. आणि जुनी कॉइल? ती आता तुमची, तिच्यावर हात साफ करा की! तेव्हा सोल्डरिंग येतं त्याचा उपयोग. त्याच मॉडेलचे आतले फोटो हुडकून सेल नेमका कुठे आहे ते बघितल्याशिवाय कापू नका, हीट गन तर अजिबात लावू नका कारण आत लिथियम आहे, ब्लेड सेलला लागू देऊ नका, सेलला तिसरी वायर असेल तर ती तापमानाची असते, ती तोडून मोकळं व्हायचं नाही, नवीन सेल प्रोटेक्शन सर्किटवालाच घ्या आणि टॅबवर सोल्डर करा, सेलच्या अंगावर नाही. जमली तर कोरड्या वाळूसाठी जास्तीची कॉइल झाली. पाण्यात ती पुन्हा न्यायची नाही, घरी केलेलं सील समुद्रापुढे टिकत नाही. हे काम तुम्ही करा, मोबाइलवाल्याला देऊ नका, त्याचे दीड हजार वाचवायचे म्हणून नाही, तर त्याला तुमच्याएवढी धास्ती नसेल म्हणून.

मोबाइलवाल्याला द्यायचंच असेल तर हेडफोन द्या. उजवी बाजू बंद म्हणजे बहुतेक वेळा डोक्यावरच्या पट्टीतून जाणारी बारीक वायर वाकून वाकून तुटलेली असते. तुम्हीच उजवीकडचं कुशन काढा, आतल्या स्पीकरच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा, काही ओहम दाखवले आणि हलकी खरखर ऐकू आली तर स्पीकर जिवंत आहे आणि वायर गेलीय, नवीन वायर ओढली की झालं. हेडफोनमध्ये तोल, शिल्डिंग, इपॉक्सी असलं काही नाही, चुकलं तर हेडफोनच जाईल. वॉरंटी चालू असेल तर मात्र यालाही आधी हात लावू नका, कुशनपर्यंत ठीक, स्क्रू नाही.

आता किल्ल्याचं. अलिबागचा कुलाबा किल्ला हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि हातात डिटेक्टर आणि खुरपं घेतलेला माणूस "टेस्ट करतोय" म्हणाला तर कोणी ऐकून घेणार नाही. भरीस भर म्हणून आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत १० रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! पर्यटकाची काल पडलेली अंगठी त्याला परत देणं वेगळं, किल्ल्याच्या पायथ्याला जुनं नाणं उचलणं वेगळं. तेव्हा टेस्ट घरामागच्या वाडीत करा, अंगठी प्लास्टिकच्या डबीत घालून वीतभर खोल पुरा, वर खूण ठेवा म्हणजे वहिनींपुढे बोलायची वेळ येणार नाही.

आणि गावात कोणी "गुप्तधन शोधायला चला, निम्मं निम्मं" म्हणत आला तर मशीन सर्व्हिसला गेलंय असं सांगा. ही मशीन नाण्याएवढी वस्तू वीत-दीड वीत खोल पकडतात, वीस फूट नाही, आणि जे वीस फूट दाखवणारं दोन अँटेनांचं यंत्र जाहिरातीत विकतात त्यात विकणाऱ्यालाच सोनं सापडतं.

पुढच्या जूनमध्ये ठेवताना कॉइल, रिमोट, हेडफोन तिन्ही निम्मे चार्ज करून ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी बघून थोडं भरा. पिन साफ केल्यावर टेस्टरने काय आकडा दाखवला ते कळवा, आणि कॉइलच्या दोन्ही कानांचा जवळून एक फोटो पाठवा, चीर आहे की नुसता ओरखडा ते बघून सांगतो.